मी विश्वास ठेवला नाही, तरी तू येशील का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात :

“गेली दोन वर्षे मी माझ्या एका शेजारणीच्या दुःखात सोबत करीत आहे. तिचे पती दीर्घ आजारानंतर वारले. त्या काळात रुग्णालयात बसणे, मुलांचा अभ्यास घेणे, रात्री-अपरात्री तिच्याजवळ थांबणे हे सारे मी मनापासून केले. ती ख्रिस्ती नाही. तिने प्रभूला ओळखावे अशी इच्छा माझ्या मनात पहिल्यापासून होती. पण मी ती कधी बोलून दाखवली नाही. मध्यंतरी तिने अचानक विचारले, ‘तू हे सगळे मला ख्रिस्ती करण्यासाठी करतेस का?’ मी गोंधळून म्हणाले, ‘छे, मुळीच नाही.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी खोटे बोलले असे वाटते, आणि माझे प्रेमच खोटे होते की काय, असेही वाटते. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, ‘ऐकल्यावाचून लोक विश्वास कसा ठेवतील? तू दोन वर्षे वाया घालवलीस.’ माझे पती म्हणतात, ‘संत फ्रान्सिसने सांगितले आहे, सुवार्ता सदैव सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा, तेव्हा तू गप्प राहा.’ मी बोलू की गप्प राहू? आणि तिने कधीच विश्वास ठेवला नाही, तर या सगळ्याचा अर्थ काय?”

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण त्यांच्याआधी तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे पाहणे मला आवश्यक वाटते, कारण तुम्ही तो आरोप म्हणून ऐकला आणि म्हणूनच घाईने बचाव केला. मला त्यात आरोपापेक्षा भीती अधिक दिसते. जिने नुकताच आपला सर्वांत जवळचा माणूस गमावला आहे, तिच्या आयुष्यात आज टिकून राहिलेल्या मोजक्या आधारांपैकी तुम्ही एक आहात, आणि हा आधार कशावर उभा आहे हे तिला जाणून घ्यायचे आहे. ‘मला ख्रिस्ती करण्यासाठी करतेस का?’ या शब्दांमागे ‘मी विश्वास ठेवला नाही, तरी तू येशील का?’ हा प्रश्न आहे. तुम्ही पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलेत, दुसरा तसाच राहिला.

ही शंका केवळ तुमच्या मैत्रिणीचीच आहे असेही समजू नका. ती फार जुनी आहे. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती घराण्यात वाढला आणि पुढे त्याने तो विश्वास सोडला. इ. स. ३६२ मध्ये त्याने गलतियाचा मुख्य पुरोहित आर्साकियस याला लिहिलेल्या पत्रात अशी खंत व्यक्त केली आहे की, हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असेच म्हणे) आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमची माणसे मात्र आमच्याकडून मदतीवाचून राहतात. हे वाक्य आपल्या प्रवचनांत वारंवार येते, आणि विरोधकाने दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून आपण ते अभिमानाने सांगतो. परंतु त्याच ज्युलियनने एका पुरोहिताला लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्राचा भाग आपण सहसा वाचून दाखवीत नाही. त्यात तो म्हणतो की, मुलांना खाऊचे आमिष दाखवून घरापासून दूर नेणारे आणि मग गलबतात घालून गुलाम म्हणून विकणारे लोक जसे वागतात, तशीच या लोकांच्या प्रीतिभोजनाची आणि पाहुणचाराची रीत आहे. म्हणजे तेच प्रेम, तेच अन्न, तीच सेवा. पण पाहणाऱ्याच्या मनात एकदा ती स्तुतीचा विषय होते आणि एकदा सापळा ठरते.

ज्युलियनचा आक्षेप त्या काळच्या मंडळीला लागू होता असे मला वाटत नाही. मात्र पुढच्या शतकांत आपल्यातल्या काही जणांनी तो खरा ठरवण्यास हातभार लावला आहे, हे मान्य केल्यावाचून आपल्याला पुढे बोलता येणार नाही. मदतीला अट जोडणे, संकटात सापडलेल्या माणसाच्या असहायतेचा उपयोग करून घेणे, किती जण ‘आले’ यावरून सेवेचे मोल ठरवणे हे सर्व घडलेले आहे. एक माणूस आपल्या मतात आणण्यासाठी समुद्र आणि भूमी पालथी घालणाऱ्यांना प्रभूने मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात किती कठोर शब्द सुनावले आहेत, ते तुम्ही पुन्हा वाचा. याच जाणिवेतून २०११ साली वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, व्हॅटिकनचे आंतरधर्मीय संवादाचे कार्यालय आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तीन संस्थांनी मिळून साक्षीसंबंधी, म्हणजे आपला विश्वास इतरांपुढे मांडण्यासंबंधी, एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. एरवी या तिघांचे अनेक बाबतींत एकमत होत नाही. सेवाकार्यात कोणत्याही प्रकारचे प्रलोभन दाखवू नये आणि माणसाच्या गरिबीचा वा गरजेचा गैरफायदा घेऊ नये, यावर मात्र त्यांचे एकमत झाले. तेव्हा तुमच्या मैत्रिणीला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तिने तो मनात कुढत न ठेवता तुम्हाला समोरासमोर विचारला, यातच तिचा तुमच्यावरचा विश्वास दिसतो.

आता तुमचे प्रेम खोटे होते का, याकडे वळू. तिने प्रभूला ओळखावे ही इच्छा मनात होती म्हणून प्रेम अशुद्ध झाले, असा तुमचा समज झालेला दिसतो. मला हा समज चुकीचा वाटतो. ज्या गोष्टीने आपले आयुष्य सावरले, ती आपल्या माणसालाही मिळावी असे न वाटणे हेच विचित्र ठरेल. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना ही दोन्ही टोके एकाच वाक्यात बांधली आहेत : आम्ही तुम्हांला केवळ देवाची सुवार्ताच नव्हे, तर आपला जीवही देण्यास राजी होतो, कारण तुम्ही आम्हांला प्रिय झाला होता. येथे सुवार्ता देण्यासाठी प्रेम केले असा क्रम नाही. माणसे प्रिय झाली, म्हणून जे जे आपले होते ते देण्याची इच्छा झाली, आणि त्या देण्यात सुवार्ताही होती. त्याच्या आधीच्याच ओळींत पौल आवर्जून सांगतो की, आम्ही खुशामतीची भाषा वापरली नाही आणि कोणताही हेतू झाकून ठेवला नाही. ही झाकून ठेवण्याची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

इच्छा असणे आणि अट असणे यांत मोठे अंतर आहे. इच्छा पूर्ण झाली नाही तर दुःख होते. अट पूर्ण झाली नाही तर माणूस निघून जातो. तुम्हाला स्वतःला तपासायचेच असेल, तर मनात इच्छा होती का हे विचारू नका. उद्या तिने ‘मला तुझ्या प्रभूविषयी कधीच काही ऐकायचे नाही’ असे स्पष्ट सांगितले, तर परवा तिच्या मुलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही त्याचा अभ्यास घ्यायला जाल का, हे विचारा. जाल, पण पाय थोडे जड होतील, असे उत्तर आले तरी घाबरू नका. आपल्यापैकी कुणाचेही प्रेम पूर्णपणे निर्मळ नसते, आणि ते निर्मळ होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर जगात कुणीच कुणाच्या दारात उभे राहणार नाही. पाय जड झाले तरी जावे. पुष्कळदा जाता जाताच मनातली अट गळून पडते.

अटीवाचून केलेले प्रेम कसे असते, हे पाहण्यासाठी योहानाचा तेरावा अध्याय पुरेसा आहे. ‘तुमची एकमेकांवर प्रीती असली म्हणजे त्यावरून सर्व ओळखतील की तुम्ही माझे शिष्य आहात,’ हे वचन आपण प्रेमाच्या साक्षीसाठी नेहमी उद्धृत करतो, पण ते कोणत्या रात्री आणि कशानंतर उच्चारले गेले, हे विसरतो. त्याआधी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले होते, आणि त्यात यहूदाचेही पाय होते. आपल्याला कोण धरून देणार आहे हे त्याला ठाऊक होते, असे योहान तेथेच स्पष्ट लिहितो. यहूदाचे मन बदलावे म्हणून केलेला हा शेवटचा उपाय होता, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही, आणि ते पाय इतरांपेक्षा वेगळ्या रीतीने धुतले असेही नाही. यहूदा उठून बाहेर गेला, आणि त्यानंतर प्रभूने ही नवी आज्ञा दिली. प्रेमाचे फळ दिसलेच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्याने हा क्रम लक्षात घ्यावा. लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांचीही हीच गोष्ट आहे. परत आला तो एकच. बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले, म्हणजे त्याला त्याचे वाईट वाटले. पण त्या नऊ जणांचे बरे होणे त्याने मागे घेतले नाही.

आद्य मंडळीनेही हे काही प्रमाणात आचरून दाखवले आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात कार्थेज शहरात भयंकर साथ पसरली. लोक आपल्याच आजारी माणसांना टाकून पळू लागले. त्या वेळी तेथील बिशप सिप्रियन याने मंडळीला सांगितले की, केवळ आपल्याच लोकांची काळजी घेण्यात विशेष काही नाही. आपला पिता वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगववतो, तेव्हा आपले शत्रू असलेल्यांचीही सेवा करा. हे त्याचा चरित्रकार पाँटियस याने नोंदवून ठेवले आहे. काल ज्यांनी नावे सांगून पकडून दिले असेल, त्यांच्याच उशाशी बसायचे होते. तेथे किती जण विश्वासात आले याचा हिशेब पाँटियस देत नाही, आणि मला त्याचे हे मौन आवडते.

तुमच्या ‘मुळीच नाही’ या उत्तराविषयी मात्र मला थोडे परखड बोलावे लागेल. तुमचे प्रेम खोटे नव्हते, पण ते उत्तर खरे नव्हते, आणि ते तसेच राहू देऊ नये. दोन वर्षे तुम्ही इच्छा बोलून दाखवली नाही, तोपर्यंत ते मौन सौजन्याचे होते. दुःखात बुडालेल्या माणसाला आपली इच्छा ऐकवायची नसते. पण तिने सरळ विचारल्यावर जे नाकारले गेले, त्याने तुमचा हेतू झाकला गेला. पुढे कधी तिला तुमच्या बोलण्यातून किंवा आणखी कुणाकडून कळले की तुम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करीत होता, तर आजवरची प्रत्येक भेट तिला संशयास्पद वाटू लागेल. म्हणून तिच्याकडे जा आणि आपण होऊन हा विषय काढा. शब्द तुमचेच असू द्या, मी केवळ दिशा दाखवण्यासाठी लिहितो : “त्या दिवशी मी घाईने ‘मुळीच नाही’ म्हणाले, ते पूर्ण खरे नव्हते. माझ्या मनात अशी इच्छा आहे की, ज्या प्रभूने मला सांभाळले त्याला तूही ओळखावेस. पण मी तुझ्याकडे येते ती तू मला आवडतेस म्हणून येते. तू कधीच विश्वास ठेवला नाहीस, तरी मी अशीच येत राहीन. आणि हा विषय तुला नको असेल तर तसे सांग, मी तो पुन्हा काढणार नाही.” एवढे बोलून थांबा. लगेच पुस्तक हातात देऊ नका, रविवारचे निमंत्रण देऊ नका, तिच्या चेहऱ्यावर काही उमटते आहे का हे शोधू नका. तिला रागावायचे असेल तर रागावू द्या. त्या दिवसाचे काम इतकेच आहे की तिच्यापुढे तुमच्या मनातले काहीही झाकलेले राहू नये. तिचे काही औषधपाणी, मुलांचे काही संकट असे चालू असेल, तर तो दिवस टाळा. ज्या क्षणी तिला तुमची नितांत गरज असते, त्या क्षणी ती मोकळेपणाने ‘नको’ म्हणू शकत नाही.

आता बोलावे की गप्प राहावे हा प्रश्न. तुमच्या पतींना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की त्यांनी उद्धृत केलेले वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात किंवा त्याच्या सुरुवातीच्या चरित्रांत कोठेही सापडत नाही. फ्रान्सिसने आपल्या संन्यासी बंधूंसाठी केलेल्या १२२१ च्या नियमावलीत, सोळाव्या प्रकरणात, मुस्लिम लोकांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी जे लिहिले ते मात्र उपलब्ध आहे, आणि मला ते त्या प्रसिद्ध वाक्याहून अधिक उपयोगी वाटते. बंधूंनी तेथे दोन प्रकारे राहावे, असे तो म्हणतो. पहिला प्रकार असा की, वादविवाद करू नये, देवासाठी प्रत्येक मनुष्याच्या अधीन असावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे. दुसरा असा की, देवाला ते आवडते असे दिसून येईल तेव्हा वचनाची घोषणा करावी. पहिल्या प्रकारातही संपूर्ण मौन नाही, हे पाहा. आपण कोण आहोत हे लपवायचे नाही. आणि दुसऱ्या प्रकारातही उतावीळपणा नाही. हे लिहिणारा माणूस दोन वर्षांपूर्वीच, १२१९ मध्ये, धर्मयुद्ध ऐन भरात असताना इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिल याच्या छावणीत जाऊन आला होता. सुलतानाने धर्म बदलला नाही. त्याने फ्रान्सिसला सन्मानाने सुखरूप परत पाठवले. फ्रान्सिसने ती भेट वाया गेली असे मानले असते, तर पुढे ही नियमावली अशी लिहिली नसती.

तुमच्या मंडळीतील वडिलांनी रोमकरांस पत्रातील जे वचन सांगितले ते खरेच आहे. पण तुम्ही वर्षे वाया घालवलीत हा त्यांचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ऐकण्यासाठी आधी बोलणाऱ्यावर विश्वास बसावा लागतो. मिलानचा बिशप अँब्रोझ याच्याविषयी, पुढे थोर ख्रिस्ती विचारवंत ठरलेल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, प्रथम मी त्याच्यावर प्रेम करू लागलो ते सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, तर माझ्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. ३८४ मध्ये ऑगस्टीन मिलानला आला आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीनसारख्या बुद्धिमान, वक्तृत्व शिकवणाऱ्या माणसालाही आधी माया भेटावी लागली.

बोलण्याची वेळ कोणती, याचे सर्वांत नेमके उत्तर मला पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मिळते. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, असे तो म्हणतो. त्याच्या वाक्यात विचारणारा आधी येतो. चौथ्या शतकाच्या आरंभी, ३१२ च्या सुमारास, पाखोमियस नावाचा एक तरुण जबरदस्तीने सैन्यात भरती झाला आणि इतर तरुणांबरोबर इजिप्तमधील थीब्ज येथे कोंडून ठेवला गेला. तेथे काही अनोळखी माणसे त्यांच्यासाठी अन्नपाणी घेऊन आली. त्याने विचारले, ही माणसे कोण आणि असे का करतात? हे ख्रिस्ती आहेत, ते सर्वांशी असेच वागतात, असे त्याला सांगण्यात आले. सुटका झाल्यावर त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे एकत्र राहणाऱ्या संन्याशांच्या मठांची परंपरा घालून दिली. त्या प्रसंगात शब्द होते, पण मोजके, आणि प्रश्नाच्या मागून आलेले. ते मोजके शब्दही उच्चारले गेले नसते, तर पाखोमियसने त्या माणसांचा चांगुलपणा त्यांच्याच खात्यावर जमा केला असता. म्हणूनच कायमचे मौन मला प्रामाणिक वाटत नाही. तुम्ही कायम गप्प राहिलात, तर तुमची मैत्रीण म्हणेल, ‘किती थोर मनाची बाई आहे!’ आणि तुम्ही आपल्याला न शोभणारे श्रेय घेऊन बसाल. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रात लिहिले आहे की, देवाविषयी केव्हा बोलावे आणि केव्हा काही न बोलता केवळ प्रेमालाच बोलू द्यावे, हे ख्रिस्ती माणसाला कळते. कळते असे ते म्हणतात. मला वाटते, ते हळूहळू शिकावे लागते, आणि तुम्ही ते शिकत आहात.

तिने पुढे कधी विचारलेच, तर स्वतःच्या आयुष्यापुरते बोला. तुम्हाला कोणत्या प्रसंगी आधार मिळाला, कोणत्या प्रार्थनेला तुम्हाला हवे तसे उत्तर मिळाले नाही, कोणत्या शंका आजही आहेत, हे सांगा. तिच्या पतीच्या मृत्यूचा अर्थ तिला समजावून सांगू नका. तो तुम्हालाही ठाऊक नाही, आणि दुःखी माणसाला अर्थ सांगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांना देवाने शाबासकी दिली नव्हती. तिच्या घरातील श्रद्धांविषयी एकही उणा शब्द काढू नका. त्याच श्रद्धांनी तिने आपल्या माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते एक वाक्य लिहिले आहे, आणि मी त्याच्याशी बराच वेळ थांबलो. तुमच्यावर लवकरच एक छोटी शस्त्रक्रिया व्हायची आहे, ती मैत्रीण रुग्णालयात सोबत करते म्हणाली, आणि तुम्ही ‘तुला कशाला त्रास’ म्हणून नकार दिलात. हा नकार मागे घ्या. ज्या नात्यात एकच जण सतत देतो, तेथे घेणाऱ्याला नकळत ऋणको व्हावे लागते, आणि हे ऋण कधीतरी वसूल होणार, अशी शंका त्यातूनच जन्माला येते. तिच्या प्रश्नाचे मूळ कदाचित येथेच असेल. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीशी प्रभूचा संवाद सुरू होतो तो ‘मला प्यायला पाणी दे’ या मागणीने. थकलेला, तहानलेला आणि पाणी काढायला काही जवळ नसलेला असा तो तिच्यापुढे बसतो. जिवंत पाण्याचा विषय त्यानंतर येतो. तुमच्या मैत्रिणीला तुमच्या उशाशी बसू द्या, तुमची भीती पाहू द्या, तुमची काळजी घेऊ द्या. प्रेमाच्या जीवनाची साक्ष केवळ आपण किती करतो यावर उभी नसते. आपल्यालाही दुसऱ्याची गरज आहे, हे मोकळेपणाने मान्य करणे हाही तिचाच भाग आहे, आणि सेवाभावी माणसांना हा भाग सर्वांत अवघड जातो, असे माझे निरीक्षण आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तिने कधीच विश्वास ठेवला नाही, तर? तर तुम्ही एका विधवेच्या दुःखात तिला सोबत केली असेल, तिची मुले परीक्षांना बसली असतील, आणि प्रभूने जी आज्ञा दिली ती तुम्ही पाळली असेल. ‘मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला,’ असे पौलाने करिंथकरांना लिहिले, ते नम्रतेचे बोलणे म्हणून नव्हे. तो कामाची विभागणी सांगत होता. वाढवण्याचे काम आपल्या वाट्याचे नाही, म्हणून ते न झाल्याचा दोषही आपल्या माथी नाही. ऑगस्टीनच्या आईने, मोनिकाने, एका बिशपकडे जाऊन, माझ्या मुलाशी बोला, त्याला समजावा, असा हट्ट धरला, तेव्हा त्या अनुभवी माणसाने नकार दिला आणि सांगितले की, त्याला सध्या त्याच्या जागी असू दे, तू केवळ प्रार्थना कर. ती रडतच राहिली, तेव्हा तो म्हणाला की, इतक्या अश्रूंच्या पुत्राचा नाश होणे शक्य नाही. या गोष्टीतील अश्रूंचे वाक्य सर्वांना पाठ असते. त्याला त्याच्या जागी असू दे, हे आधीचे वाक्य कोणी फारसे सांगत नाही.

मराठी वाचकांना याच संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण पतीने घेतला म्हणून लक्ष्मीबाईंनी तो घेतला नाही. त्यांना त्या घटनेने अपार दुःख झाले, काही काळ दोघे वेगळे राहिले, आणि पुढे काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या प्रश्नांतून वाट काढीत त्या या विश्वासाकडे आल्या. कवीची वाणी घरात असूनही तिच्या जोरावर ते झाले नाही. प्रत्येकाला आपापल्या पायांनीच यावे लागते, आणि कुणी आले नाही, तर त्यालाही तेवढाच मान द्यावा लागतो.

तिने विषय नको म्हटले, तर दिलेला शब्द पाळा. तिने आपण होऊन विचारल्याशिवाय तो पुन्हा काढू नका, सूचक वाक्यांनीही नाही. तुमची प्रार्थना चालू राहू द्या, पण मंडळीच्या प्रार्थनासभेत तिचे नाव आणि तिची परिस्थिती सांगू नका. तिने ती तुम्हाला सांगितली आहे, सभेला नव्हे. आणि ती कधी स्वतःहून उपासनेला येते म्हणालीच, तर आधी मंडळीतील त्या वडिलांना आणि पाळकांना भेटून एवढे सांगून ठेवा की, तिचे नाव व्यासपीठावरून जाहीर करू नये, तिला साक्ष द्यायला उभे करू नये, आणि तुमच्या दोन वर्षांच्या कष्टांचे फळ म्हणून तिची कुणाशीही ओळख करून देऊ नये. तिच्याजवळ मागच्या बाकावर बसा, आणि उपासना संपल्यावर ‘कसे वाटले?’ असे लगेच विचारू नका. तिला बोलायचे असेल तेव्हा ती बोलेल.

प्रभूमध्ये तुमचा,
सल्लागार